डोंगरातली रेल्वे : घरच्यांची सुट्टी की एकट्याची हौस?

खिडकीपाशी

आधीच सांगून टाकतो, मी रेल्वेच्या विरोधात वगैरे नाही, उलट आमच्या घरात रेल्वेचं वेड असलेला एकमेव प्राणी मीच आहे आणि घोळ तिथूनच सुरू होतो. दोन वर्षांमागे आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा, दहाची मुलगी आणि माझे आई-बाबा अशी अख्खी वरात घेऊन एका डोंगरी रेल्वेने गेलो. कुठली ते सांगत नाही, उगाच त्या गाडीवर भांडणं नकोत. पहिला पाऊण तास म्हणजे स्वर्ग, मुलं खिडकीला चिकटलेली, बोगदा आला की आईसुद्धा त्यांच्याबरोबर ओरडतेय. दुसऱ्या तासाला "अजून किती?" सुरू. तिसऱ्या तासाला धाकटा झोपला, मोठी मोबाइल मागायला लागली, बाबांचे गुडघे त्या अरुंद बाकावर आखडले, डब्यात टॉयलेट नाही, आणि बायको माझ्याकडे बघेचना. मी मात्र दारात उभा, पुढच्या वळणावर इंजिन दिसतंय का बघत.

तर माझं स्पष्ट मत असं, की डोंगरातली रेल्वे हा फार तर तास-दीड तासाचा आनंद आहे, तिची अख्खी सुट्टी करू नये. दार्जिलिंगचंच घ्या. न्यू जलपाईगुडीपासून ८८ किमी, त्याला सात तासांच्या वर लागतात, आणि रस्ता शेजारूनच जातो, कितीदा तर रुळांना ओलांडून जातो. म्हणजे आपण बसलोय आणि जीपवाले आरामात पुढे निघून जातायत! त्यापेक्षा जीपने वर जा, दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी जॉयराइड घ्या, दोनेक तासांत बटासिया लूप, म्हणजे रुळांचं ते गोल वेटोळं, बघून होतो, मुलं खूश, म्हातारी माणसं खूश. पूर्ण लाइन करायचीच असेल तर एकट्याने करा, घरच्यांना ओढू नका. पटतंय का?

नॅरोगेज

अजिबात नाही पटत. जॉयराइड म्हणजे शेवटचं पान वाचून पुस्तक वाचलं म्हणण्यासारखं झालं. त्या रेल्वेतली खरी गंमत खालच्या टप्प्यात आहे, सुकनापर्यंत सपाटी, मग जंगल सुरू होतं आणि गाडी चढायला लागते आणि मग ते झेड रिव्हर्स येतात. गाडी पुढे जाते, थांबते, काटा बदलतात, मग ती चक्क उलटी मागे वर चढते, पुन्हा थांबते आणि पुन्हा पुढे निघते, आणि खाली बघितलं तर आपण आत्ता जिथून आलो तो रूळ पायाखाली. हे जॉयराइडमध्ये एकदाही नाहीये! १८८१ची लाइन आहे, दातेरी रूळ नाहीत काही नाही, नुसती चाकं रुळाला घट्ट धरून गाडी सपाटीवरून घूमला २,२५८ मीटरवर नेतात. माझा पुतण्या पहिल्या रिव्हर्सला घाबरून म्हणाला "काका गाडी चुकली". पुढच्या रिव्हर्सला तोच अख्ख्या डब्याला समजावून सांगत होता. हे जीपमध्ये बसून कसं होणार सांगा.

खिडकीपाशी

तुमचा पुतण्या किती वर्षांचा? आणि उरलेल्या सहा तासांत त्याने काय केलं तेही लिहा की.

नॅरोगेज

नऊ. आणि झोपला दोन तास. झोपू दे ना, सुट्टीच आहे.

गाडी_लागते

मला एक कळत नाही, सगळे किती तास लागतात यावरच का भांडतायत. आमच्या लेकीला घाटरस्त्यावर गाडी लागते, पिशवी हातात धरूनच बसावं लागतं, आणि तिच्याबरोबर माझीही हालत. रेल्वेत तिला एकदाही काही झालं नाही, वळणं तेवढीच होती पण सावकाश आणि समोर बघायला मोकळं. म्हणजे धागाकर्ते, तुमचं ते "जीपने वर जा" आमच्यासाठी सुट्टी नाही, शिक्षा आहे.

पण पूर्ण लाइनवाल्यांशीही सहमत नाही. साधी गोष्ट आहे, चढताना कशाला जाता, उतरताना रेल्वे घ्या. तमिळनाडूतल्या नीलगिरी रेल्वेला मेट्टुपालयम ते उटी फक्त ४६ किमी, वर जायला पाच तासांच्या आसपास लागतात, खाली यायला साडेतीन. देखावा तोच, दीड तास वाचतो.

दातेरी_रूळ

ताई, थांबा थांबा, नीलगिरीच्या बाबतीत हे बरोबर उलटं आहे. तिथे इंजिन नेहमी डब्यांच्या उताराकडच्या बाजूला असतं, म्हणजे चढताना ते मागून ढकलतं. त्यामुळे चढताना पहिल्या डब्याच्या पुढे काहीच नाही, समोर थेट रूळ, बोगद्याचं तोंड, पूल, आणि झेंडा घेऊन उभा असलेला ब्रेकमन. उतरताना इंजिन पुढे येतं आणि तो देखावा गेला. आता दीड तास वाचवण्यासाठी हे घालवायचं का तुम्हीच ठरवा. (पहिल्या डब्यात जागा मिळाली तर, हेही खरं.)

आणि मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट खाली रुळात आहे. कल्लार स्टेशनच्या पुढे चढ १२ला १ असा होतो, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तिथे नुसत्या चाकांवर भरवसा नाही, म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे, त्यात इंजिनाखालचं दातेरी चाक अडकतं. पट्ट्या दोन असतात, एकीचे दात दुसरीच्या खाचेसमोर, त्यामुळे एक तरी दात कायम पकडीत राहतो. सायकलची चेन समजणाऱ्या कुठल्याही मुलाला हे दोन मिनिटांत कळतं. कुन्नूरला हे संपतं, इंजिन बदलून डिझेल लागतं, आणि कुन्नूर ते उटी हा साधारण १९ किमीचा टप्पा साध्या रुळांवर. ज्यांची मुलं फारच लहान आहेत त्यांनी एवढाच करावा, तो छान आहे, तासाभरात होतो. पण मग "आम्ही नीलगिरी रेल्वे केली" असं सांगत फिरू नये.

खिडकीपाशी

हेच हेच! "केली" हा शब्दच पकडा. आपण रेल्वेने *जात* नाही, रेल्वे *करतो*. युनेस्कोचा जागतिक वारशाचा शिक्का दिसला की यादीत टाकायची, दार्जिलिंग १९९९, नीलगिरी २००५, कालका-शिमला २००८, आणि घरच्यांना त्या यादीला जुंपायचं.

स्थानक_सोडून

तुमच्या अनुभवाबद्दल वाईट वाटलं, पण निष्कर्ष चुकतोय. प्रश्न लांब की छोटा हा नाही, मध्ये उतरता येतं की नाही हा आहे. आम्ही स्वित्झर्लंडला दोन्ही केलं म्हणून सांगते. ग्लेशियर एक्सप्रेस, झर्माट ते सेंट मॉरिट्झ, आठ तास. तीच स्वतःला जगातली सगळ्यात हळू एक्सप्रेस म्हणवून घेते! छतापर्यंत काचा, पण काच उघडत नाही, प्रत्येक फोटोत आपल्याच सीटचं प्रतिबिंब, आणि चौथ्या तासानंतर मुलांनी बर्फाकडे बघणं सोडून दिलं. खरंच सोडून दिलं, समोर अख्खे आल्प्स होते आणि ते पत्ते खेळत होते.

नंतर तिथलीच बर्निना लाइन. तिथेही पॅनोरमा एक्सप्रेस आहे पण त्याच रुळांवर रोजच्या साध्या लोकल गाड्या धावतात, रिझर्व्हेशनची सक्ती नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. ओस्पित्सिओ बर्निनाला, २,२५३ मीटरवर, उतरलो, तळ्याकाठी मुलं तासभर दगड फेकत बसली, मग पुढची गाडी पकडून आल्प ग्र्युमला परत उतरलो. पुढे ब्रुझिओला गाडी गोल पुलावरून स्वतःच्याच रुळाखालून जाते तो प्रकार दोघांनी उघड्या खिडकीतून बघितला. तेच आल्प्स, तेवढेच तास, पण दिवसभरात "अजून किती" एकदाही नाही. आणि हो, तिथे ७ टक्के चढ आहे तोही दातेरी रुळाशिवाय, हे दातेरी_रूळ यांच्यासाठी :)

दातेरी_रूळ

माहितीये हो :) १२ला १ म्हणजे ८.३३ टक्के. जरासाच फरक आहे आणि त्या जराशाचीच सगळी गंमत आहे.

खिडकीपाशी

स्थानक_सोडून, तुमचं म्हणणं ऐकायला गोड आहे पण तासातासाला गाडी असेल तिथेच चालतं. मेट्टुपालयमहून वर जाणारी रोजची ठरलेली गाडी एकच आहे. मध्ये उतरलात तर पुढची गाडी उद्या.

गाडी_लागते

+१. उतरण्याचं स्वातंत्र्य सगळीकडे मिळत नाही. आणि टॉयलेटचा मुद्दा सगळे टाळतायत ते आलं लक्षात.

आजोबा_६८

मी ज्यांच्या गुडघ्यांची सगळ्यांना काळजी वाटतेय त्या वयाचा आहे म्हणून बोलतो. गुडघे घरी सोफ्यावरही आखडतात. आम्हाला वाचवायला म्हणून तुम्ही जीप करता आणि त्या जीपमध्ये आम्हाला पुढच्या सीटवर एकटं बसवता, मागे तुमच्या गप्पा चालतात, आम्हाला निम्मं ऐकू येत नाही. डोंगरी गाडीत बाक समोरासमोर असतात, नेटवर्क येतं-जातं, कुणाला कुठे पळून जाता येत नाही. मागच्या वर्षी नातीने मला पाच तासांत तिच्या शाळेतल्या प्रत्येक मैत्रिणीची कुंडली सांगितली. घरी पाच मिनिटं बसत नाही.

धागाकर्ते, तुम्ही लिहिलंय की तुम्ही दारात उभे होतात. तीन तास? मग बाबांशेजारी कोण होतं? मला तर यात रेल्वेचा काही दोष दिसत नाही.

नॅरोगेज

काका __/\__

खिडकीपाशी

काका, लागलं. पण खरं सांगू का, मी आत बसलो असतो तरी डब्यात टॉयलेट आलं नसतं.

पांढरा_कोट

टॉयलेटवर कुणीतरी नीट बोला, हसण्यावारी नेऊ नका. डायबेटिसवाले, प्रोस्टेटवाले, लहान बाळं, गरोदर बाई, यातलं घरात कुणीही असेल तर गाडी कुठे किती थांबते हे आधी बघायचं, देखावा नंतर. लोक बरेचदा पाणी पिणंच बंद करतात, ते तर आणखी वाईट.

दुसरं म्हणजे उंची. इथे सगळे हळू गाडीला शिव्या देतायत पण उंचीच्या बाबतीत हळू गाडी बरी. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखला रेल्वे तुम्हाला आयगर शिखराच्या पोटातल्या बोगद्यातून एका सकाळीत ३,४५४ मीटरवर नेऊन ठेवते, १९१२पासून नेतेय, आणि शरीराला कळायला वेळच मिळत नाही. वर पोचल्यावर मुलं धावायला लागतात आणि मग डोकं दुखतं, मळमळतं. तान्ही बाळं आणि हृदयाचा त्रास असलेली माणसं नेण्याआधी डॉक्टरांना विचारा, वर गेल्यावर पहिला अर्धा तास सगळ्यांनीच सावकाश चाला, आणि त्रास वाढला तर फोटो बाजूला ठेवून पुढच्या गाडीने खाली या. दार्जिलिंग, शिमला वगैरेला एवढी भानगड नाही.

चौकट_राजा

मी धागाकर्त्यांच्या बाजूने आलो होतो आणि आता मध्येच लटकलोय. आमची सुट्टी कालका-शिमलाने वाचवली आणि तीही योगायोगाने. ९६ किमी, मुलगा सात वर्षांचा, मला वाटलं संपलं सगळं. पण तिथे बोगद्यांना नंबर आहेत. पहिला बोगदा आला, त्याने नंबर वाचला, संपलं, पुढचे सगळे तास तो वही घेऊन बसला. ३३ नंबरचा बडोगचा, तो १,१४३ मीटर लांब, त्यात त्याने सेकंद मोजले, स्टेशन आलं तेव्हा उतरून मागे वळून त्या बोगद्याकडे बघत उभा. आणि मग पुढे घोळ झाला. ४५ झाला आणि नंतर ४७च आला! नंबर १०३पर्यंत जातात पण बोगदे आहेत १०२, ४६ नंबरचा आता नाहीये. मला हे माहीत होतं, मी गप्प बसलो. पोरगं शिमल्यापर्यंत भांडत होतं की आपण झोपलो होतो का, बाबा तुम्ही बघितला का, आई तू बघितला का.

म्हणजे मुलाच्या हातात काहीतरी काम पाहिजे. नुसता देखावा मोठ्यांना पुरतो, मुलांना नाही पुरत, ते झाडं बघून "वा" म्हणणार नाहीत. मात्र दहाच्या पुढच्या मुलांना हे चालेल का मला शंका आहे, माझी मोठी तर पूर्ण वेळ कानात हेडफोन.

स्थानक_सोडून

मोठ्या मुलांना नकाशा द्या. पुढे नदी कुठल्या बाजूला येणार ते आधी सांगायचं आणि बरोबर आलं तर सांगणाऱ्याला खिडकी. आमच्याकडे यावरून मारामाऱ्या झाल्या पण कंटाळा नाही.

खिडकीपाशी

मत पूर्ण बदललंय असं नाही, तीन तासांच्या वर मी अजूनही कुणाला नेणार नाही. पण हा धागा घरी वाचून दाखवला ही चूक केली. धाकटा आता एकच विचारतोय, ४६ नंबरचा बोगदा गेला कुठे. बाबा म्हणाले मला त्या आजोबांचा प्रतिसाद परत वाच. बायको म्हणाली जाऊया, कुन्नूर ते उटीच करू, पण तू दारात उभा राहिलास तर मी कुन्नूरलाच उतरून जीप करीन.

गाडी_लागते

छान. आणि टॉयलेट?