मदत हवी आहे: कूलंट हिरवं की गुलाबी?

चकाल्याचा_चक्रधर: शनिवारी पहाटे घरच्यांना घेऊन कोल्हापूरला निघायचंय. बॉनेट उघडलं तर इंजिन गार ठेवणारं कूलंट मिनिममच्या खाली. कोपऱ्यावरच्या दुकानात हिरवं, गुलाबी, निळं सगळं आहे. दुकानदार म्हणतो कुठलंही टाका. काय घेऊ? पटकन सांगा, दुकान नऊला बंद होतं.

निवांत_नाना: अहो, गाडी कुठली ते तरी सांगा!

घाटवाट: आणि टाकीत आत्ता कुठल्या रंगाचं आहे?

चकाल्याचा_चक्रधर: पोलो, २०१४. सेकंडहँड. रंग कटिंग चहासारखा.

डबल_डेकर: कूलंट ही बर्फाळ देशांची थेरं. मुंबईत काय गोठणार आहे? पद्मिनीत जन्मभर नळाचं पाणी घातलं.

घाटवाट: काका, पद्मिनीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा, आताचे ॲल्युमिनियमचे. नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात, गंज चढतो. शिवाय निम्मं कूलंट, निम्मं पाणी केलं की उकळबिंदू १०६ अंशांच्या आसपास जातो, झाकणाच्या दाबाने आणखी वर. एसी लावून घाट चढताना तेच उपयोगी पडतं.

डबल_डेकर: तुमच्या जन्माआधीपासून बोरघाट चढतोय. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी बॉनेट उघडून थांबायचो, पण तेव्हा सगळेच थांबायचे.

खादाड_खोपोलीकर: शिंगरोबा! जाताना खोपोलीत वडा खाऊन जा, एक्स्प्रेसवे कसला घेताय.

घाटवाट: चक्रधर, रंगावर जाऊ नका, रंग कंपनीगणिक बदलतो. मॅन्युअलमधला कोड बघा. पोलोला जी १२++ किंवा जी १३ लागतं, ते गुलाबी-जांभळं असतं. तपकिरी झालंय म्हणजे आधीच्या मालकाने भलतंच काहीतरी मिसळलंय. वरून ओतून भागणार नाही, फ्लश करून, म्हणजे आतलं सगळं काढून धुऊन, पूर्ण बदला. आणि डबा घेताना ‘रेडी टू यूज’ की कॉन्सन्ट्रेट ते वाचा. कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं.

मनीमाऊ: काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, प्लीज. मांजरं ते चाटतात आणि किडन्या निकामी होऊन मरतात.

निवांत_नाना: पण पातळी उतरली कशी? कूलंट काही पेट्रोलसारखं संपत नाही. होज, वॉटर पंप बघितला का? झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका.

चकाल्याचा_चक्रधर: दुकान बंद झालं. टॉर्च मारला, एका पाइपच्या क्लिपेपाशी पांढरट खपली धरलीय. हेच का?

निवांत_नाना: तेच असणार, तिथून गळून सुकलंय. फोटो टाका.