कोकरं गेली, पैसे आले नाहीत. अडत्याच्या कागदावर सही करू का?

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो. आज अडलोय म्हणून लिहितोय.

दर हंगामाला कोकरं लिलावाच्या बाजारात नेतो. यंदा 34 नेली. फाटक उघडलं, सगळी नेहमीसारखी एका कोपऱ्यात दाटली, 'एक वार, दोन वार' झालं आणि माझी पाच महिन्यांची राखण मिनिटभरात संपली. घेणाऱ्याच्या माणसाने प्रत्येकाच्या पाठीवर निळा ठिपका मारला. ठिपका पडला की जनावर आपलं राहत नाही, हे लहानपणापासून बघतोय. त्या वेळी पैसेही आपले झालेले नसतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

अडत्याने चेक दिला. आठव्या दिवशी तो न वटता परत आला. अडत्या म्हणतो, व्यापाऱ्याने मलाच दिले नाहीत. व्यापारी म्हणतो, मी पुढे ज्यांना माल दिला त्यांच्याकडून यायचेत. कोकरं केव्हाच कापली गेली असणार, म्हणजे माल परत मागायचीही सोय नाही.

आता अडत्याने एक कागद पुढे केलाय : 'मी स्वखुशीने खरेदीदारास तीन आठवड्यांची मुदत दिली आहे.' खाली माझी सही हवीय. तारीख लिलावाच्या आदल्या दिवशीची पडलीय, ती घाईत चुकली असावी. सही केली तर पैसे लवकर सुटतील म्हणतो. माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा आहे, एकदम नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

तर, सही करू का? माझे पैसे नक्की कोण देणं लागतो, अडत्या की व्यापारी? आणि धाकटा भाऊ म्हणतो की लिलाव सोडून द्या, व्यापाऱ्याला वाड्यावर बोलावून काट्यावर द्या, बाजार तसेही मोडीत निघालेत. तेही एकदा सांगा.

प्रतिसाद १

दादा, सही अजिबात करू नका. तारीख चुकलेली नाही, त्या कागदाचा सगळा जीव त्या तारखेत आहे.

अमेरिकेचं उदाहरण देतो, कारण तिथे हे कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. गुरांच्या व्यवहाराचा तिथला कायदा 1921 चा. साधारण नियम असा की सौदा झाल्यावर लगेच पुढच्या कामाच्या दिवसाअखेर पैसे चुकते व्हायला हवेत. 2020 च्या अखेरीस त्यात भर पडली : मोठ्या व्यापाऱ्याने रोखीच्या सौद्यात घेतलेली जनावरं आणि त्यांतून आलेला पैसा हा विकणाऱ्यांची रक्कम फिटेपर्यंत त्यांच्यासाठी राखलेला मानायचा. व्यापारी बुडाला तरी बँकेच्या आधी शेतकऱ्याचा हक्क. पण सौद्याच्या आधी शेतकऱ्याने लेखी उधारी कबूल केली असेल, तर तो हक्क गेला. आता तुमच्या कागदावरची तारीख पुन्हा बघा.

तुमच्याकडे कोणता कायदा लागतो ते तिथल्या वकिलाला विचारा, पण लवकर विचारा. अशा दाव्यांना मुदत असते. अमेरिकेत पैसे देण्याची तारीख उलटल्यापासून 30 दिवस, चेक परत आला असेल तर ते कळल्यापासून कामाचे 15 दिवस. 'देतो, देतो' म्हणत तेवढे दिवस सहज जातात. चेक परत आल्याचा बँकेचा कागद जपून ठेवा आणि मागणी लेखी करा, फोनवर नको.

प्रतिसाद २

मी अडतीच्या हिशेबावर काही वर्षं काढली आहेत, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. तुमची विक्रीची पट्टी काढा आणि मागच्या बाजूचं बारीक छापलेलं वाचा. कोणीच वाचत नाही, मी स्वतः वाटायचो तेव्हा मीही वाचलं नव्हतं.

बाजार दोन तऱ्हेचे असतात. ब्रिटनमधल्या बऱ्याच बाजारांत विकणाऱ्याला पैसे बाजार देतो आणि खरेदीदाराकडून नंतर वसूल करतो. बुडाले तर बाजाराचे. शेतकरी जी अडत भरतो तिच्यात हीच जोखीम धरलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत अडत्या नुसता मध्ये उभा असतो. मोबदला तेवढाच घेतो आणि अंगाशी आलं की हात वर करतो.

अडत्याला आणखी एक विचारा : विक्रीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवता, की तुमच्याच गल्ल्यात? कालच्या शेतकऱ्याच्या पैशातून आजच्याला देणारे अडते असतात. एक मोठा चेक परत आला की सगळी उतरंड कोसळते. 2010 मध्ये अमेरिकेत गुरांचा एक मोठा दलाल असाच बसला. देणं सुमारे 13 कोटी डॉलर, हमीची रक्कम 8 लाख 75 हजार. शंभराला एकसुद्धा पडत नाही. 'आमची हमी भरलेली आहे' असं कोणी छाती पुढे काढून सांगितलं, तर किती भरली आहे ते विचारा.

धागाकर्ता

पट्टी काढली. मागे सातवं कलम : 'विक्रीची रक्कम अदा करण्याची जबाबदारी अडत्याची राहील.' भिंग लावून वाचावं लागलं. वीस वर्षं ही पट्टी दुमडून खिशात घालतोय! कागद सही न करता परत पाठवला. अजून काही बोलला नाही. बोलेल.

भावाचं काय करू?

प्रतिसाद ३

भावाला विचारा, वाड्यावर भाव कशावरून ठरवणार? व्यापारी म्हणेल, 'परवा लिलावात जो गेला तोच.' म्हणजे लिलाव सोडूनही तुम्ही लिलावावरच जगणार. सगळ्यांनी सोडला तर तो म्हणेल तो भाव. आणि चेक वाड्यावर दिलेलाही परत येतोच, तिथे तर मागे सातवं कलमही नसतं.

खरेदीदार कमी होतायत हे मात्र खरं. कत्तलखाने थोडे आणि मोठे झाले की कठड्याला टेकून बोली लावणारी माणसं कमी होतात, आणि मग एकाकडे अडकलेली रक्कमही मोठी होते. पण बाजार मेले म्हणणं घाईचं आहे. 2001 मध्ये लाळ्या-खुरकताच्या साथीने ब्रिटनचे बाजार बंद पडले होते, ते पुन्हा भरले. 2020 मध्ये कोविडच्या दिवसांत जनावरं उतरवायची आणि घरी जायचं, असं करून लिलाव चालले. ऑस्ट्रेलियात तर 1987 पासून संगणकावर विक्री होतेय, जनावर वाड्यातच, बघणाऱ्याने लिहिलेल्या वर्णनावर बोली. पाठीवर हात फिरवल्याशिवाय मला स्वतःला पटत नाही, पण त्यात एक सोय आहे : गाडी निघण्याआधी पैशाचं विचारता येतं. तुमच्या बाजारात सगळे मिळून एवढंच मागा, पैसे जमा झाल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय फाटक उघडायचं नाही.

धागाकर्ता

हे पटलं, भावालाही वाचून दाखवलं. तो गप्प आहे, म्हणजे निम्मं पटलं असावं.

एकच राहिलं. पुढच्या आठवड्यात मागे ठेवलेली नऊ न्यायची आहेत. तोच व्यापारी बोलीला उभा राहिला तर काय करायचं?

प्रतिसाद २

सकाळीच अडत्याला लिहून द्या की या माणसाची बोली माझ्या मालावर धरू नये. तरी धरली, तर तुम्ही कठड्याजवळ उभे राहा. 'तीन वार' व्हायच्या आत माल मागे घेतो म्हणून ओरडायचं. बाजाराने वेगळी अट घातली नसेल, तर तोवर तुम्हाला तो हक्क असतो. ठिपका पडल्यावर नाही.