प्रकाशसंश्लेषण : यातलं ‘संश्लेषण’ नक्की कशाचं?

रामबागवाला : मंडळी, एक शंका. इंदुरात भाचीचं सायन्सचं पुस्तक हिंदीत आहे, त्यात प्रकाश संश्लेषण असं तोडून लिहिलंय, आपण मराठीत जोडून लिहितो, शब्द तोच. पुढे मात्र पानातल्या हिरव्या रंगद्रव्याला (क्लोरोफिल) त्यांचं पर्णहरित आणि आपलं हरितद्रव्य. ते असो. विश्लेषण रोज टीव्हीवर ऐकतो, हे संश्लेषण काय प्रकरण आहे? आणि भाची विचारते की प्रकाश पण जोडला जातो का त्यात?

जुनी इंदुरी : श्लिष् म्हणजे चिकटणे, श्लेष अलंकारातला श्लेष तोच. विश्लेषण म्हणजे सुटं करणं, संश्लेषण म्हणजे एकत्र जोडणं. समास तृतीया तत्पुरुष धरायचा, प्रकाशाने केलेलं संश्लेषण. प्रकाशाचं नव्हे!! म्हणजे भाचीला सांगा, जोडले जातात ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचे कार्बन, प्रकाश फक्त जोर पुरवतो. इंग्रजी शब्द पण तसा नवाच हो, बार्न्स नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये सुचवला, त्याला स्वतःला फोटोसिंटॅक्स जास्त आवडायचा पण लोकांनी दुसराच उचलला. त्याआधी कार्बनचं सात्मीकरण, म्हणजे आत घेऊन आपलंसं करणं, म्हणायचे, पण सात्मीकरण तर आपणही करतो ना पोळीभाजीचं, मग झाडाचं वेगळं काय राहिलं.

भिया_इंदौरी : शब्द अर्धंच सांगतो असं माझं मत. जोडण्याच्या आधी तोडणं आहे! हरितद्रव्य मुख्यतः लाल आणि निळा प्रकाश घेतं, हिरवा त्या मानाने कमी म्हणून पान हिरवं दिसतं, आणि त्या एनर्जीवर पाणी फुटतं. आपण जो ऑक्सिजन घेतो तो या पाण्यातला, कार्बन डायऑक्साइडमधला नाही, रुबेन आणि केमेन या शास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जास्त वजनाचा प्रकार, वापरून दाखवलं. पाण्यातून निघालेले इलेक्ट्रॉन पुढे सरकत जातात आणि एटीपी, एनएडीपीएच ही एनर्जी धरून ठेवणारी रसायनं तयार होतात, प्रकाशाची केमिकल एनर्जी झाली ती इथे. साखरेची जोडणी नंतर, केल्विन सायकलमध्ये, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणाऱ्या क्रियांच्या चक्रात.

रामबागवाला : म्हणजे ती डार्क रिॲक्शन? रात्री होणारी?

भिया_इंदौरी : अरे भिया, तेच तर! ते नाव सगळ्यात वाईट. थेट प्रकाश लागत नाही एवढाच त्याचा अर्थ, पण होते दिवसाच, कारण एटीपीचा साठा काही रात्रभर पुरत नाही, रोजची कमाई रोज उडवणारं घर आहे ते, आणि त्यातली काही एन्झाइम्स अंधारात मंदावतात पण. रात्री चालतं ते श्वसन, आणि ते दिवसाही चालूच असतं. मी तर मुलांना सरळ केल्विन सायकल म्हणायला सांगतो.

जुनी इंदुरी : पटलं. तरी मी प्रकाशसंश्लेषणच लिहीन, ‘झाड अन्न बनवतं’ यात तर प्रकाशाचं नावच नाही.

रामबागवाला : भाचीचा पुढचा प्रश्न, ट्यूबलाइटखाली होतं का?

भिया_इंदौरी : होतं की, त्यात लाल-निळा असतोच. फक्त उन्हापेक्षा खूप कमी.