धावताना डोक्यात चित्र ठेवायचं की नुसतं धावायचं?

टेकडीवरचा
आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे टाकतोय. नव्याने आलेल्या पोराला सिनिअर मंडळी एका दमात सांगत होती: गुडघा उचल, टाच आपटू नको, कोपर नव्वद अंशात, खांदे सोड, पोट आत. पोराचा शंभर मीटरमध्ये रोबो झाला. मग एकाने एवढंच सांगितलं, "शेंडीला दोरी बांधलीय आणि वरून कुणीतरी ओढतंय असं समज." कमरेत वाकून धावणारा पोरगा सरळ झाला.

माझं मत: तंत्र सुधारायचं तर सांध्यांची नावं घेऊ नका, चित्र द्या. पाय जड पडतात? खाली तापलेला तवा आहे समज. पाऊल रेंगाळत नाही, लांबही पडत नाही. मुठी आवळतोस? हातात तळलेलं मिरगुंड आहे, मोडू द्यायचं नाही.

आणि ही नुसती कोच लोकांची श्रद्धा नाही. २००९ मध्ये लिंडा शुकर आणि सहकाऱ्यांनी २४ सरावलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर सारख्याच जोराने पळवलं. एकदा लक्ष श्वासाकडे, एकदा धावण्याच्या हालचालीकडे, एकदा समोरच्या व्हिडिओकडे. व्हिडिओ बघताना ऑक्सिजन सगळ्यात कमी लागला, श्वासाकडे लक्ष दिल्यावर सगळ्यात जास्त.

लंगडा घोडा
दादा, हा अभ्यास तुमच्याच अंगावर येतोय. ते लोक दोरीची कल्पना करत नव्हते, समोरचं बघत होते. म्हणजे निष्कर्ष 'चित्र द्या' असा नाही, 'धावण्यातून डोकं काढा' असा आहे. आणि दोरी बांधलीय कुठे? माझ्याच डोक्याला, म्हणजे लक्ष पुन्हा अंगाकडेच.

एमिल झाटोपेक मान वाकडी करून, चेहरा पिळवटून धावायचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं त्यानेच नेली. पॉला रॅडक्लिफची मान पावलागणिक डुलायची. तिने २००३ मध्ये लंडनला दिलेली २:१५:२५ ही वेळ २०१९ पर्यंत कुणा बाईला मोडता आली नाही. दोघांच्याही शेंडीला दोरी नव्हती.

तुमच्या तव्याबद्दल: धावण्याच्या 'पोझ' नावाच्या पद्धतीत हेच शिकवतात, पाऊल आखूड, पाय झटकन वर. २००५ च्या एका अभ्यासात ट्रायथलॉनवाल्यांना १२ आठवडे ती शिकवली. पाऊल आखूड झालं खरं, पण त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागायला लागला. शरीर त्याला परवडेल ते पाऊल आपणहून शोधतं, त्यात ढवळाढवळ कशाला?

फिजिओताई
झाटोपेकचं उदाहरण चाळिशीनंतर धावायला लागलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला लावू नका. माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न वेगाचा नसतोच, गुडघ्याच्या वाटीचा असतो. हायडरशाइट आणि मंडळींचा २०११ चा अभ्यास बघा: वेग तोच ठेवून पावलांची संख्या ५ ते १० टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १६८ करायची, बस. थोडा ऑक्सिजन जास्त गेला तर जाऊ दे.

पण मी चित्र सांगत नाही, मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक ठेक्याची टिकटिक, लावायला सांगते. चित्र प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं उमटतं. एका पेशंटला त्याच्या कोचने हाच तापलेला तवा सांगितला होता. गडी टाच टेकवायचीच सोडून चवड्यांवर उड्या मारत धावला आणि पोटरी धरून माझ्याकडे आला.

लंगडा घोडा
ताई, मेट्रोनोमला माझा विरोध नाही, फक्त 'मिनिटाला १८० पावलं पडायलाच हवीत' याचं स्तोम नको. धावण्याचे कोच जॅक डॅनियल्स यांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पावलं मोजली ती शर्यतीच्या वेगात धावणाऱ्यांची. आपण किलोमीटरला साडेसात मिनिटं घेणारे!

यवतेश्वरची
तुम्ही सगळे सपाट रस्त्यावर भांडताय. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये घाट चढताना मी दोरी स्वतःला बांधतच नाही, पुढच्या वळणावरच्या झाडाला बांधते आणि हाताने ओढून घेत जाते. झाड आलं की पुढचं झाड. इथे लक्ष शरीराबाहेरच आहे की नाही, घोडेदादा?

आणि घरी डोळे मिटून शर्यत आधी मनात धावणं हे तिसरंच काहीतरी, त्याची यात मिसळ करू नका. अविनाश साबळेसारख्याच्या स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. तिथे आधी मनात उजळणी करण्यात अर्थ आहे. आपल्या दहा किलोमीटरमध्ये उजळणी कशाची करणार, पाण्याच्या स्टॉलची?

टेकडीवरचा
यवतेश्वरच्या ताईंचं झाड मला पटलं. पण घोडेभाऊ, 'मान सरळ ठेव' म्हटलं की माणूस मान ताठ करतो. दोरी म्हटलं की तीच मान सैल राहून वर जाते. फरक डोळ्यांना दिसतो, मैदानावर येऊन बघा. चित्र तासभर धरून बसा असं मी कुठे म्हटलंय? एका वेळी एकच, तेही वॉर्मअपनंतरच्या स्ट्राइड्समध्ये, म्हणजे थोड्या अंतराच्या वेगवान धावांमध्ये. मग सोडून द्यायचं. फिजिओताईंच्या पेशंटला तवा दिला तो लांब रनला, असा माझा अंदाज.

फिजिओताई
अंदाज बरोबर, रविवारचा लांब रन होता. तरी तवा नकोच.

लंगडा घोडा
मिनिटभर चित्र, बाकी वेळ सोडून द्यायचं. म्हणजे उरलेली एकोणसाठ मिनिटं तुम्ही आमच्या पार्टीत.

नवा भिडू
मला एक सांगा, घाट उतरताना काय करायचं? माझे पाय धपाधप आपटतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

फिजिओताई
उतारावर पावलांचा आवाज ऐका आणि तो कमी करा. चित्र नको, आकडा नको. पाऊल आपसूक जवळ पडतं.

लंगडा घोडा
हे मला मान्य. पण त्यासाठी इअरफोन काढावे लागतील, आणि ते या ग्रुपात कोण ऐकणार?