कॉफीच्या मोठ्या चेनमध्ये काम केलेल्यांनो, तुमचे अनुभव सांगा

माझी भाची पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला एका मोठ्या कॉफी चेनमधून बरिस्ताच्या, म्हणजे काउंटरवर कॉफी बनवायच्या, कामासाठी बोलावणं आलंय. ताई म्हणते, "लोकांचे उष्टे कप उचलायला शिकवलं का तुला?" भाचीला आपली फी आपण भरायची आहे. आमच्या घरात हे काम कुणीच केलेलं नाही. पण कॅफे कॉफी डेचं बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवरचं पहिलं दुकान १९९६चं, स्टारबक्सचं हॉर्निमन सर्कलचं २०१२चं. म्हणजे एव्हाना काउंटरच्या आत उभी राहिलेली कितीतरी मराठी मुलं-मुली असतील. खरंखुरं काय ते सांगा. चांगलं, वाईट, दोन्ही.

पुणे, दोन वर्षं बरिस्ता

मी ओपनिंगला असायचो. सहाला शटर, सातला पहिलं गिऱ्हाईक. मधला तास माझ्या आवडीचा, कारण तेव्हा ग्राइंडर लावायचा असतो, म्हणजे कॉफीच्या बिया किती बारीक दळायच्या ते ठरवायचं. डबल शॉटला, म्हणजे मशीनमधून दाबाने काढलेल्या दाट कॉफीच्या दुहेरी मापाला, साधारण १८ ग्रॅम पूड, आणि तो २५ ते ३० सेकंदांत उतरला पाहिजे. लवकर उतरला तर आंबट आणि पाणचट, रेंगाळला तर कडू. जून लागला, हवा ओली झाली की कालचं सेटिंग आज चालत नाही. पहिले तीन-चार शॉट चाखून ओतून द्यायचे आणि वेस्टेजच्या वहीत लिहायचे. हे वाया घालवणं नाही, हे आमच्या सीनियरने पहिल्याच आठवड्यात मनावर ठसवलं.

दूध मला सगळ्यात उशिरा जमलं. स्टीमची नळी दुधाच्या अगदी वरच्या थरात धरली की कागद फाटल्यासारखा बारीक आवाज येतो, तेव्हा हवा आत जाते. मग नळी किंचित खाली न्यायची, दूध भोवऱ्यासारखं फिरू द्यायचं. ६० ते ६५ अंशांवर थांबायचं. सत्तरच्या पुढे गेलं की दुधाचा गोडवा जातो. मी महिनाभर नुसता तो आवाज ऐकत होतो. ज्या दिवशी थर्मामीटर न बघता हात बरोबर थांबला, त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं. तिला फार कळलं नसेल, पण तिने दोनदा सांगायला लावलं.

आता वाईट. गर्दीच्या वेळी काउंटरवर एक रांग असते आणि डिलिव्हरीच्या स्टिकरांची दुसरी, गिऱ्हाइकाला न दिसणारी. समोरचा माणूस म्हणतो, "माझ्या आधी तर कुणी नव्हतं." वर प्रत्येकाला "मोठा कप करू का, सोबत काही देऊ का" विचारायचंच. न विचारल्याचं मिटिंगमध्ये निघतं. ज्याने आधीच पाकीट चाचपलेलं दिसतंय त्याला हे विचारताना मला दर वेळी वाईट वाटायचं.

नागपूर

बूट चांगले घ्या. न घसरणारे, एक नंबर मोठे. आठ तास उभं राहून पाय सुजतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मुंबई, अंधेरी

मी क्लोजिंगबद्दल लिहिते, कारण मुलीच्या घरच्यांनी तेच आधी विचारलं पाहिजे. दुकान अकराला बंद, म्हणजे आपण अकराला सुटतो असं नाही. मशीनमध्ये साफसफाईची पावडर घालून पाणी उलटं फिरवून धुणं, दुधाच्या नळ्या, बेसिनखालची चिकट जाळी, फरशी, मग गल्ल्याचा हिशेब. निघायला साडेबारा. सुरुवातीचे चार महिने मी रिक्षाने जायचे, स्वतःच्या पैशांनी. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईची संमती हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायची सोय हवी, असं लिहिलेलं आहे. हे मला शेजारच्या दुकानातल्या एका ताईंनी सांगितलं. आम्ही तिघींनी मिळून मॅनेजरकडे लेखी मागितल्यावर गाडी सुरू झाली. एकटीने तोंडी विचारलं होतं तेव्हा "बघू" एवढंच उत्तर होतं. सही करण्याआधी हातात किती येणार तेही विचारा. सांगतात तो आकडा आणि पीएफ, ईएसआय कापून येणारा पगार यांत फरक असतो.

ओंटारिओ, कॅनडा

मी शिकायला आले तेव्हा आठवड्याला २० तासच काम करता यायचं. त्यामुळे मिळतील त्या शिफ्टा घ्यायच्या, आणि नव्या पोरांना मिळते ती पहाटेची. पाचला खिडकीशी गाडीत बसूनच कॉफी नेणाऱ्यांच्या गाड्यांची रांग, डोक्यावरच्या पडद्यावर प्रत्येक गाडीचे सेकंद मोजले जातात. पहिल्या दिवशी हेडफोनमध्ये कुणीतरी "डबल-डबल" म्हणालं आणि मी दोन कॉफ्या केल्या. इथे त्याचा अर्थ दोन क्रीम, दोन साखर. मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडली. त्या दिवशी मी कोठीत जाऊन रडले. सोबतच्या पंजाबी मुलीने कपावर खुणा कशा करायच्या ते शिकवलं, आणि तिच्यामुळे मी टिकले.

पुणे, माजी शिफ्ट सुपरवायझर

वर दुधाच्या आवाजाबद्दल लिहिलंय त्यावरून लिहितो. आमच्या दुकानात एक कर्णबधिर सहकारी होता. मला त्याला शिकवायचं होतं, आणि मला तर सगळं कानानेच येत होतं. त्याने माझा तळहात धरून पिचरच्या, म्हणजे दूध तापवायच्या धातूच्या भांड्याच्या, बुडाला लावला. हवा आत जाताना धातू थरथरतो, मग थरथर बारीक होते, मग हाताला चटका बसण्याच्या बेतात थांबायचं. हे त्याने स्वतःच शोधलं होतं. आठवड्याभरात त्याचा फेस माझ्यापेक्षा मऊ यायला लागला. गर्दीत मशीनच्या खडखडाटात आम्हाला एकमेकांचं ऐकू यायचं नाही, तेव्हा सगळं दुकान त्याच्या खुणांवर चालायचं: बोट कपाळाला म्हणजे दूध संपलं, मूठ छातीला म्हणजे तू जेवून ये. मी आता दुसऱ्या धंद्यात आहे, पण घरी बायकोला जेवायला बोलावताना मूठ अजून छातीला जाते.

धागा काढणारी

भाचीला सगळं वाचून दाखवलं, ताई शेजारी भाजी निवडत होती. पिचरवरच्या हाताचं पुन्हा वाच म्हणाली ती ताई. भाची उद्या मुलाखतीला जातेय. वहीत तिने तीन प्रश्न लिहिलेत: हातात किती, क्लोजिंग आठवड्यातून किती वेळा, आणि रात्री घरी सोडायला गाडी आहे का.