बैठं काम आणि आखडलेली कंबर

प्रश्न: रत्नागिरीत घरून काम, आठ तास लॅपटॉप. पावसात चालणं बंद, कंबर आखडते. काय करावं?

– आधी बैठक सुधारा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट घ्या. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी, कीबोर्ड वेगळा. नाहीतर मान पुढे झुकून खांदे भरून येतात.

– खुर्ची कितीही चांगली असली तरी अर्ध्या तासाने उठाच. पडवीत दोन मिनिटं फेऱ्या, मग खांब धरून १५ वेळा टाचा उचला, सावकाश खाली. पोटरीच्या हालचालीने रक्त वर ढकललं जातं. बसून राहिलं की पावलं सुजतात.

– उघडीप मिळाली की भाट्याच्या समुद्रकिनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूत चाला. मऊ वाळूत टाचेमागची शीर ताणते. पुळण उतरती असते, म्हणून गेलात त्याच रेषेत परता. एकाच पायावर भार येत नाही.