अंपायर ९४ टक्के बरोबर असतो, पण उरलेल्या ६ टक्क्यांत कुठे चुकतो?

क्लीव्हलंडचा_काका (धागाकर्ता)

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बॅटरने बॅट फिरवली नाही तर तो पिच (म्हणजे टाकलेला चेंडू) स्ट्राइक की बॉल, हे होम प्लेटमागे (बॅटरशेजारी जमिनीत बसवलेली पट्टी) वाकून उभा असलेला अंपायर ठरवतो. प्लेटवरच्या ठरावीक चौकटीतून, म्हणजे झोनमधून, गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, चार बॉल झाले की फुकटात पहिला बेस. २०२६ च्या हंगामापासून मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च लीग) या निर्णयाला आव्हान देता येतं. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं. मागायचं फक्त पिचर (चेंडू टाकणारा), कॅचर (प्लेटमागे तो पकडणारा) किंवा बॅटरने, तेही लगेच, डोक्यावर हात आपटून. निकाल हॉक-आयचे कॅमेरे देतात.

यावर बऱ्याच जणांचा सूर असा की अंपायर ९४ टक्के वेळा बरोबर असतात, मग हा उपद्व्याप कशाला? माझं म्हणणं, हा आकडाच फसवा आहे. न फटकावलेल्या पिचांमधले कितीतरी मातीत आपटतात नाहीतर प्लेटच्या मधोमध येतात. ते बरोबर सांगितले याचं कौतुक म्हणजे दहावीच्या पेपरात स्वतःचं नाव बरोबर लिहिल्याचे मार्क देणं. परीक्षा असते ती काठावरच्या पिचची.

आणि या चुका वाटेल तशा विखुरलेल्या नसतात. काउंट ३-० असेल, म्हणजे तीन बॉल आणि एकही स्ट्राइक नाही, तर अंपायरचा झोन ऐसपैस होतो. ०-२ ला तोच आक्रसतो. कॅमेऱ्यांच्या नोंदींतून हे पुन्हा पुन्हा दिसलंय. जो मागे पडलाय त्याला नकळत हात दिला जातो. पिच तोच, जागा तीच, निकाल वेगळा. याला मी अचूकता म्हणणार नाही.

राजाराम_पुरी

काका, मशीनचं एवढं कौतुक नको. ताशी ९५ मैलांचा चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटपर्यंत साधारण ०.४ सेकंदात येतो, वर शेवटी वळतो. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या (विजेतेपदाची मालिका) दुसऱ्या सामन्यात अंपायर पॅट होबर्गने १२९ पैकी १२९ पिच बरोबर सांगितले होते. माणसाला जमतं हो.

शिवाय कॅचरचं फ्रेमिंग? खालचा पिच पकडताना ग्लव्ह अलगद वर उचलून तो झोनमध्ये होता असं दाखवायचं, ही कला आहे. लोकांनी त्यावर करिअर उभी केलीत.

चष्मेवाली

कला कसली, डोळ्यांत धूळफेक आहे ती! क्रिकेटमध्ये विकेटकीपरने टप्पा पडलेला झेल साफ घेतल्यासारखा उंचावला तर आपण काय म्हणतो?

आणि होबर्गचा तो दिवस सगळे अजून सांगतात, कारण तसे दिवस विरळा. मी १९९७ सांगते. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा पाचवा सामना, मार्लिन्स वि. ब्रेव्ह्ज. प्लेटमागे एरिक ग्रेग. मार्लिन्सचा लिव्हान हर्नांडेझ बाहेर, आणखी बाहेर टाकत गेला आणि स्ट्राइक मिळत गेले. १५ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद! शेवटचा फ्रेड मॅकग्रिफ. व्हिडिओ बघा, चेंडू त्याच्या बॅटच्या टप्प्यातच नाही. मार्लिन्स २-१ ने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही घेऊन गेले.

राजाराम_पुरी

ताई, १९९७ चं उदाहरण आज चालत नाही. तेव्हा मोजणारं कोण होतं? कॅमेरे आले, प्रत्येक अंपायरच्या प्रत्येक पिचची नोंद होऊ लागली, आणि अंपायर सुधारले. म्हणजे इलाज लागू पडलाय, आता ऑपरेशन कशाला?

अर्धा_इंच

दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरताय की 'खरा' झोन कुठेतरी ठरलेला आहे. तो नाही.

नियमपुस्तकातला झोन त्रिमितीय आहे. प्लेट १७ इंच रुंद, आणि तिच्यावरच्या त्या हवेच्या ठोकळ्याला चेंडू कुठेही चाटून गेला तर स्ट्राइक. वरची हद्द खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यावर, खालची गुडघ्याच्या वाटीखाली. कॅमेऱ्यांचा झोन मात्र सपाट आयत आहे, प्लेटच्या बरोबर मध्यावर उभा केलेला. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर, खालची २७ टक्क्यांवर.

परिणाम बघा. एखादा कर्व्हबॉल (खाली वळणारा पिच) प्लेटच्या पुढच्या काठावर गुडघ्याच्या उंचीला झोनमध्ये शिरतो आणि मध्यापर्यंत खाली निघून जातो. नियमाने स्ट्राइक, मशीनने बॉल. अंपायरने पुस्तक पाळून स्ट्राइक दिला, तरी चॅलेंजमध्ये तोच चुकला!

६ फूट ७ इंचांच्या बॅटर अ‍ॅरन जजची खालची कड २१ इंचांवर, ५ फूट ६ इंचांच्या होसे अल्टूवेची १८ इंचांच्या आत. कोण किती वाकून उभा राहतो याचा हिशेबच नाही. मी चॅलेंजच्या विरोधात नाही, पण याला अचूकता म्हणू नका. एकसारखेपणा म्हणा.

क्लीव्हलंडचा_काका

एकसारखेपणा मिळाला तरी मी खूश आहे. जजला आपली कड कुठे ते सामन्याआधी माहीत असेल. अंपायरच्या बाबतीत ते नऊपैकी तिसऱ्या इनिंगला कळतं.

नाणेफेक

डीआरएसमध्ये निदान अंपायर्स कॉल आहे. चेंडू यष्टीला निसटता लागत असेल तर मैदानावरचा निर्णय कायम. इथे तशी सोयच नाही, केसभर फरकानेही निर्णय फिरतो. मशीनला चूकभूल नसते का?

चष्मेवाली

अंपायर्स कॉलवर आपल्याकडे किती बोंब होते ते विसरलात वाटतं? ती भानगड इथे आणली नाही हे बरंच केलं.

सोलची_स्वाती

कोरियन लीगने २०२४ पासून सगळेच पिच मशीनकडे दिलेत. अंपायर कानात ऐकतो आणि सांगतो, चॅलेंजचा प्रश्नच नाही. त्याच वर्षी पिचर र्यू ह्यून-जिनने जाहीर तक्रार केली की झोन प्रत्येक मैदानात सारखा वाटत नाही, तर लीगने आकडेवारीच बाहेर काढून दाखवली. वाद आता कॅमेऱ्याशी होतो एवढंच. मला पूर्ण मशीनच पटतं. दोन चॅलेंज संपल्यावर नवव्या इनिंगला झालेली चूक ही चूक नाही का?

राजाराम_पुरी

अमेरिकेत ट्रिपल-एमध्ये (मेजर लीगच्या खालोखालची पातळी) पूर्ण मशीन वापरून बघितलं, २०२४ च्या मध्यापासून तिथे फक्त चॅलेंज ठेवलं. त्याला काही कारण असेल ना?

अर्धा_इंच

कारण असं की खेळाडूंनाच चॅलेंज जास्त आवडलं. गंमत म्हणजे २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (हंगामाआधीचे सराव सामने) कॅचरांची ५६ टक्के चॅलेंज बरोबर निघाली, बॅटरांची ५०, आणि पिचरांची ४१.

क्लीव्हलंडचा_काका

पिचरांच्या हाताला टोपीपर्यंत जायला बंदीच करा. त्यांना विचाराल तर आजवर टाकलेला एकूण एक पिच स्ट्राइकच होता.